थेंबाभोवतीचा साबण

१९९८ साली केंब्रिजमध्ये डॅन तौफिक आणि अँड्र्यू ग्रिफिथ्स यांनी खनिज तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब तयार केले. प्रत्येक थेंब म्हणजे एक वेगळी परीक्षानळी. थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती साबणासारख्या रेणूंचं आवरण लागतं.

पुढे फ्लोरिनयुक्त तेलं आली. त्यांत ऑक्सिजन भरपूर विरघळतो, त्यामुळे थेंबातल्या पेशीला श्वास घेता येतो. अडचण होती साबणाची. क्रायटॉक्स हे मुळात यंत्रांचं वंगण. त्याच्या आम्लरूपाचं टोक विद्युतभारित असतं आणि प्रथिनं त्याला चिकटतात.

२००८मध्ये हार्वर्डमधल्या डेव्हिड वाइट्झ यांच्या चमूने आणि सहकाऱ्यांनी त्या टोकाला पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलं. त्याला भार नाही, पाण्याशी त्याचं जमतं आणि प्रथिनांना ते लांब ठेवतं. थेंबात यीस्ट जगलं, वाढलं. २०१५मध्ये आलेलं ड्रॉप-सीक तंत्र अशाच थेंबांवर उभं आहे. हजारो पेशींमध्ये कोणती जनुकं चालू आहेत, हे पेशीगणिक वाचता येऊ लागलं.

पण हे साबण ‘पीफास’ कुळातले. निसर्गात ते सहजासहजी विघटित होत नाहीत. ३एम कंपनीने २०२२मध्ये पीफासचं उत्पादन २०२५अखेर थांबवण्याचं जाहीर केलं. पेशीला सोसवेल असा साबण मिळायला दहा वर्षं लागली. नदीलाही सोसवेल अशाचा शोध चालू आहे.