इस्लापूर मंडळ आणि गोंडांचा भूमिहक्क

इस्लापूर आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत मोडतें. म्हणून त्याचा पूर्वेतिहास नांदेडच्या दप्तरांतच धुंडाळण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हें मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांत होतें. किनवट तालुकाहि त्याच जिल्ह्यांतला. अर्थात् मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ (१९०९-१९९५) यांचें कार्य केवळ तेलंगणाच्या इतिहासाचें प्रकरण समजणें आम्हांस मान्य नाहीं.

हे गृहस्थ व्हिएन्नाचे. दुसरें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून ते हैदराबाद संस्थानांत अडकले, आणि तेथेंच त्यांस अभ्यासक्षेत्र सांपडलें. त्या सुमारास राखीव जंगलाच्या सीमा आंखून गोंडांस वहिवाटीच्या जमिनींवरून हुसकण्यांत येत होतें. पट्टे मात्र बाहेरून आलेल्यांच्या नांवें होत. यांतूनच कुमराम भीम यांचें बंड उद्भवलें, व १९४० मध्यें जोडेघाट येथें ते पोलिसांच्या गोळीस बळी पडले. पुढें हैमेंडॉर्फ मारलावाई या गोंड खेड्यांत जाऊन राहिले. चार मोजमापें टिपून परतणाऱ्यांपैकीं ते नव्हते. १९४५ मध्यें त्यांचे चार अहवाल प्रसिद्ध झाले, निजाम सरकारनें त्यांस सल्लागार नेमलें, आणि हजारों आदिवासी कुटुंबांस पट्टे मिळाले. झाडोरा तोडून शेत करणाराचा त्या शेतावर हक्क मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतहि मानला आहे. तेव्हां सरकारनें हें दान केलें असें म्हणवत नाहीं.

या कामीं निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांचा वांटा मोठा. मराठेशाहीचे संशोधक म्हणून ते आमच्या वाचकांस परिचित आहेत. परंतु आदिलाबादेस अधिकारी असतांना ते गोंडी शिकले व १९४९ मध्यें गोंडांवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला. गोंडी वाचनपुस्तकें तेव्हां देवनागरींत छापलीं गेलीं, कारण मराठी ही त्या मुलुखाची व्यवहारभाषा होती.

१९४८ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा व वंशसंहारविरोधी करार संमत केला. हैमेंडॉर्फ यांचा राजगोंडांवरील ग्रंथहि त्याच सालचा. 'वंशसंहार' हा शब्द गोंडांच्या बाबतींत योजणें आम्ही अतिशयोक्तीचें समजतों. तथापि जमिनीबरोबर त्यांचीं गांवें व कुलदेवतांचीं ठाणींहि उठत होतीं, हें विसरतां येत नाहीं. १९७० नंतर हैमेंडॉर्फ पुन्हां आले, तों पट्ट्याच्या पुष्कळ जमिनी परक्यांच्या हातीं गेलेल्या त्यांस आढळल्या. १९८२ च्या ग्रंथांत त्यांनीं तें स्पष्ट नमूद केलें.

इस्लापूरच्या अभ्यासकानें नांदेडच्या आधीं बोथचें दप्तर पाहावें.