‘बोलके बोल्या’ला हसण्यापूर्वी

नवरात्रात तुळजापुरास गेलात, तर भवानीच्या दर्शनरांगेत मराठीच्या जोडीने कन्नड कानी पडते आणि बाजारात दखनीही. तिघांचा निरोप एकच असू द्या. मराठी माणूस म्हणेल, ‘उद्या येतो म्हणून सांगितले’. कन्नड यात्रेकरू, ‘नाळे बरुत्तेने अंत हेळिद’. दखनी बोलणारा, ‘कल आतूँ बोलके बोल्या’. शब्दाखाली शब्द ठेवून पाहा. चारही जागा जुळतात. ‘म्हणून’, ‘अंत’ आणि ‘बोलके’ ही तिन्ही रूपे बोलण्याचा अर्थ असलेल्या क्रियापदांपासूनच घडली आहेत.

यांतल्या दखनी वाक्याची उत्तरेकडच्या उर्दू रसिकांनी फार थट्टा केली. त्यांच्या कानाला सवय ‘उसने कहा कि कल आऊँगा’ या क्रमाची. फारसीचा क्रमही तोच: ‘गोफ्त कि फर्दा मी-आयम’. ‘म्हणाला’ आधी, निरोप नंतर.

धाराशिव जिल्ह्याने हे दोन्ही क्रम शतकानुशतके शेजारी शेजारी ऐकले. दक्षिणेला कन्नड मुलूख लागूनच आहे. नळदुर्गचा पाणीमहाल ज्याच्या कारकिर्दीत बांधला गेला, त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपले ‘किताब-ए-नौरस’ दखनीतच रचले. त्या दरबाराच्या अनेक फर्मानांत मात्र फारसीखाली मराठी मजकूर असे. पुढे निजामाच्या राज्यात १८८४ साली फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९४८ पर्यंत कचेरीत तिचेच राज्य राहिले. कचेरीत ‘कि’ आणि बाजारात ‘बोलके’, अशी ही वाटणी. मराठीत दोन्ही मांडण्या नांदतात. (जुन्या मराठीत ‘कीं’ हे अव्यय होतेच, त्यामुळे आपली ‘की’ सर्वस्वी फारसीची देणगी आहे, असे मी म्हणणार नाही.)

मग यांतली सोयीची मांडणी कोणती? जर्मन व्याकरणकार ओटो बेहागेल याने १९३२ साली एक नियम मांडला: मनात जे एकत्र असते, ते वाक्यातही जवळ ठेवले जाते. कारण साधे आहे. जोडीदार शब्द येईपर्यंत पहिला शब्द ऐकणाऱ्याला स्मरणात धरून ठेवावा लागतो. २०१५ मध्ये फ्युट्रेल, माहोवाल्ड आणि गिब्सन यांनी ३७ भाषांतील वाक्यांत असे अंतर मोजले. शब्द वाटेल तसे रचले असते तर जेवढे अंतर पडले असते, त्याहून ते सर्व भाषांत कमी निघाले.

आपणही मोजू. ‘तो उद्या सकाळी तुळजापूरच्या बाजारात भेटू असे म्हणाला’ या वाक्यात ‘तो’ आणि ‘म्हणाला’ यांच्यामध्ये सहा शब्द अडकले आहेत. ‘तो म्हणाला की उद्या सकाळी तुळजापूरच्या बाजारात भेटू’ असे केले, तर ती जोडी लगत येते. पण ‘म्हणाला’ आणि ‘भेटू’ या दोन क्रियापदांत पाच शब्दांची दरी पडते. आता ‘उद्या सकाळी तुळजापूरच्या बाजारात भेटू, असे तो म्हणाला’. ‘तो’ लगत, आणि दोन क्रियापदांत अवघे दोन शब्द! क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेला लांब भाग आधी उरकणे परवडते. जपानी भाषकही लांब भाग आधी ठेवण्याकडे झुकतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. इंग्रजीचा कल नेमका उलट.

म्हणजे ज्या ‘बोलके’ला गावंढळ ठरवले, ती अशा भाषेसाठी काटकसरीची मांडणी आहे. अर्थात क्रियापद शेवटी ठेवण्याचा भुर्दंडही असतो. त्याच अभ्यासात जपानी, कोरियन, तुर्की यांसारख्या भाषांतील अंतरे तुलनेने जास्त भरली. या भाषांत प्रत्ययच शब्दाचे वाक्यातले नाते सांगून टाकतात, म्हणून ते अंतर त्यांना सोसत असावे, असा एक तर्क आहे. मराठीच्या ‘ने’, ‘ला’, ‘त’ यांच्याकडे पाहता मला तो पटतो.

एमेनो यांनी १९५६ साली भारताला एक ‘भाषिक क्षेत्र’ म्हटले, ते कुळे वेगळी असूनही भाषांच्या सवयी एक झालेल्या पाहून. १९७१ मध्ये गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू बोलींत वाक्याचा सांगाडा इतका एकरूप झाला होता की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर पुरे होई. आणि तरीही, घरात कोणती भाषा बोलायची, हे त्या गावाने जातिधर्मानुसार काटेकोरपणे वेगळे राखले होते.