टाळेबंदीची जुनी खातेवही



दिवाळीच्या आधी दुकानाच्या जुन्या वह्या आवरायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. बी.कॉम. झाल्याचा आमच्या घरात झालेला हा एक कायमचा उपयोग. यंदा २०२० सालची खातेवही हाताला लागली आणि आवराआवर तिथेच थांबली. मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "आई, ती टाळेबंदी म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. किती जणांची रोजीरोटी गेली." आमचे हे लगेच म्हणाले, "जिवंत आहेस म्हणून बोलतोयस." तासभर वाद झाला, जेवण गार झालं आणि निकाल काही लागला नाही.

मला मात्र त्या वहीतली एक नोंद टोचत राहिली. तिच्याबद्दल शेवटी लिहिते. आधी थोडा इतिहास, कारण हा वाद आपल्या मराठी मुलखात पहिल्यांदा झालेला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो झाला तेव्हा त्यात खून पडले, फाशी झाली, तुरुंगवास झाला.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाला ग्रंथिक प्लेग झाल्याचं ओळखलं. व्हिएगस मूळचे आपल्या शेजारच्या गोव्याचे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. धान्य तिथे उंदीर, हे किराणा दुकानदाराच्या बायकोला कोणी सांगायला नको. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. सरकारने रोग शोधला तो माणसांत. आजारी माणूस दिसला की उचलून इस्पितळात न्यायचं, घरातल्यांना छावणीत ठेवायचं, घर धुऊन काढायचं, सामान जाळायचं. लोक इतके बिथरले की ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातली माणसं किती होती ते आठवा. तेव्हा मालवणही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे मुंबईला साथ आली की चाकरमानी गावाकडे धावतो आणि गाव त्याच्याकडे धास्तीने बघतो, ही गोष्ट २०२० ची नव्हे, पार तेव्हापासूनची आहे.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. हा कायदा अगदी छोटा, अवघ्या चार कलमांचा. सरकारला साथ थांबवण्यासाठी लागतील ते नियम करता येतील, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि चांगल्या हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावरही खटला भरता येणार नाही. ज्याला घरातून उचललं, ज्याचं सामान जाळलं, त्याने दाद कुठे मागायची, याबद्दल त्यात एक ओळ नाही, आणि खर्च किंवा भरपाई द्यायची झाली तर ती कोणी व कशी द्यायची, हे ठरवणं सरकारवरच सोडलेलं. हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर खर्चाची बाजू सरकारच्या मर्जीवर सोडलेला हा कायदा.

पुण्यात हा कायदा वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याने राबवला. मार्च ते मे १८९७ या काळात गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधत होते. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कशाचाही अडसर नाही. बायकांना परक्या पुरुषांसमोर तपासणीला उभं राहावं लागलं. एक गोष्ट मात्र आपण विसरतो. लोकमान्य टिळक स्वच्छतेच्या आणि रोग्यांना वेगळं ठेवण्याच्या विरोधात नव्हते. ते पुणं सोडून गेले नाहीत, हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांचा राग होता तो माणसाला गुरासारखं वागवण्यावर. नामदार गोखल्यांची गोष्टही अशीच विचार करायला लावणारी आहे. ते तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे सोजिरांच्या अत्याचारांबद्दल सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तो कोणी पुढे येऊन देईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. मला नेहमी वाटतं, कोणती बाई अशा गोष्टीची साक्ष द्यायला पुढे आली असती? जे कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, असं धरून हिशेब बंद झाला.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट मारला गेला, रँड ३ जुलैला गेला. तिघे चापेकर बंधू पुढे फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यात तपासणीवरून दंगल झाली. त्यानंतर सरकारने हळूहळू सक्ती सैल केली. एवढं सगळं होऊन प्लेग काही थांबला नाही. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदीर आणि पिसू यांचा संबंध दाखवला, आणि तोही सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं लागली. त्या साथीने पुढच्या काही दशकांत देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली.

पण त्याच पुण्यात, त्याच मार्च महिन्यात आणखी एक बाई रोग्यांमध्ये वावरत होती. सावित्रीबाई फुले. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांना नेत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. तो मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला घरातून हलवायचं काम रँडच्या माणसांनीही केलं आणि सावित्रीबाईंनीही केलं. ओझं कोणाच्या पाठीवर होतं, एवढाच फरक.

मग काहीच बंधन नको होतं का? त्याचंही उदाहरण आहे. १९१८ च्या जूनमध्ये महायुद्धाच्या दिवसांत मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा आला. प्लेगच्या वेळचा लोकांचा राग सरकार विसरलं नव्हतं, वर युद्धही चालू होतं. तेव्हा घरं तपासणं नाही, सक्ती नाही. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. देशभरात एक कोटीहून कितीतरी जास्त गेली. तेव्हा "लोकांना मोकळं सोडा, सगळं ठीक होईल" असं म्हणणाऱ्या माझ्या मुलाने हाही आकडा वाचावा.

आता २०२०. महाराष्ट्राने १३ मार्चला तोच १८९७ चा कायदा लागू केला. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि बारापासून ती सुरू झाली. मध्ये चार तास. कोरोना प्लेगसारखा नव्हता, तो माणसाकडून माणसाकडे श्वासातूनच येत होता. म्हणून माणसांना एकमेकांपासून दूर ठेवण्याला या वेळी खरा आधार होता. आपल्या जिल्ह्यात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, लस नव्हती. तयारीसाठी वेळ हवा होता, तो टाळेबंदीने दिला. इथपर्यंत मी ह्यांच्या बाजूची.

पण चार तासांत परगावचा मजूर काय करणार होता? ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. पायी घरी निघाले होते ते. एप्रिलमध्ये सरकारने त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली, डॉक्टर-नर्सवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा ठेवली. ते योग्यच झालं. पण खर्चाची बाजू या वेळीही सरकारच्या मर्जीवरच राहिली. ऑगस्टमध्ये दुकानं उघडली होती, देवळं बंद होती. पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी आपले श्वेतांबर बांधव सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा दादर, भायखळा आणि चेंबूर या तीन मंदिरांना परवानगी मिळाली. जिथे पैशाचा संबंध तिथे धोका चालतो आणि धर्माचा प्रश्न आला की कोरोना आठवतो, अशा अर्थाचं सरन्यायाधीश तेव्हा बोलले होते. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. आज वाटतं, मी घरच्या चैत्यालयात निवांत पूजा करत होते, माझं असं काय अडलं होतं?

अडलं ते जुलैत. माझी आई सांगलीला वारली. वय झालं होतं, कोरोना नव्हता. ई-पास दुसऱ्या दिवशी आला. तिला अग्नी दिलेला मी मोबाईलवर पाहिला. ही तक्रार मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मात्र आज पहिल्यांदा सांगते.

मे महिन्यात शेजारचा मुलगा बायको आणि लहान मुलीला घेऊन मुंबईहून गावी आला. गावच्या समितीने त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. समितीत आमचे हे होते, आणि "अजिबात घरी सोडू नका" असा आग्रह धरणारी मी होते. सासूबाई पंच्याऐंशीच्या, मला भीती वाटत होती. मे महिन्यातलं मालवणचं ऊन आणि वर शाळेचा पत्रा. एकदा फाटकाबाहेर डबा ठेवताना तो आतून म्हणाला, "काकी, आमी काय परके झालंव?" मी मास्क सारखा केला आणि परत फिरले.

आणि खातेवहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: पोहे, साखर, चहा, दूध पावडर, बिस्किटं, साबण. चौदा दिवसांचे एक हजार आठशे चाळीस रुपये, त्याच्या नावावर उधार. त्याची नोकरी तोवर गेली होती. चार हप्त्यांत डिसेंबरपर्यंत त्याने फेडले. शेवटच्या हप्त्याखाली मी दोन रेघा मारून खातं बंद केलंय. गावाच्या जिवासाठी त्याला आम्ही कोंडलं आणि बिलही त्याच्याच नावावर फाडलं. ब्रिटिशांच्या कायद्याने खर्चाची बाजू सरकारच्या मर्जीवर सोडली, असं वर मोठ्या तोऱ्याने लिहिलंय मी.

आपले मुनिमहाराज चातुर्मासात एका जागी राहतात, पायाखाली जीव जाऊ नयेत म्हणून. तेही बंधनच, पण ते स्वतःवर घेतलेलं, त्याची किंमत स्वतः मोजलेली. दुसऱ्यावर बंधन घालायची वेळ येते, ती पुन्हाही येईल. त्या मुलाला चौदा दिवस वेगळं ठेवणं मला आजही चूक वाटत नाही. पण ज्यांच्यासाठी ठेवलं त्यांनी त्याचा भार उचलायला हवा होता, आणि दिवस संपल्यावर बसून प्रतिक्रमण करायला हवं होतं. काय चुकलं, कोणाला दुखवलं, कोणाचं किती गेलं. सरकारने ते केलं नाही, असं म्हणायला सोपं जातं. मीही केलं नव्हतं.

वही सापडल्यावर तो दिवाळीला गावी आल्याचं कळलं. मी पैसे पाकिटात घालून त्याच्या घरी गेले आणि क्षमा मागितली. तो हसला. म्हणाला, "काकी, ता मी कधीच विसारलंय." पैसे घेईना. त्याची बायको हसली नाही. तिने पुढे होऊन पाकीट घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि मला चहा दिला.

घरी येऊन मी ते जुनं खातं उघडलं आणि त्या दोन रेघांखाली आजची तारीख घालून नोंद केली.