सैनिकांना सलामी, मृतांसाठी प्रार्थना



नोव्हेंबर हा आपल्या ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि घरातल्या मृतांची नावे मिस्सासाठी लिहून देतो. याच महिन्याच्या ११ तारखेला जगातील अनेक देश युद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मरण करतात, कारण १९१८ साली त्या दिवशी पहिले महायुद्ध थांबले. आपल्या देशात त्यासाठी वेगळे दिवस आहेत: २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस.

या दिवसांच्या आसपास धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. शत्रूवर प्रीती करा असे प्रभू सांगतो, मग युद्धात मारणाऱ्याला आणि मरणाऱ्याला आपण मान का द्यायचा? प्रश्न उद्धटपणाचा नाही. आमच्याही मनात अशा दिवशी दोन गोष्टी एकदम येतात. कोणाचा तरी मुलगा सीमेवर गेला आणि परत आला नाही, त्याच्यापुढे मान आपोआप खाली जाते. आणि त्याच वेळी भाषणे, घोषणा, शत्रूला धडा शिकवण्याची भाषा ऐकून जीव घुसमटतो. मान न द्यावा तर कृतघ्नपणा, आणि सगळ्यालाच मान डोलवावी तर डोंगरावरचे प्रवचन विसरल्यासारखे. हा गुंता आजचा नाही, म्हणून थोडे मागे जाऊ.

आपल्या कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांच्या आणि डचांच्या जुन्या कबरी आहेत. इंग्रज कबरस्तानात ऑक्सिंडन बंधूंची भव्य घुमटाची कबर आहे. ख्रिस्तोफर १६५९ साली वारला आणि इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज १६६९ साली. डच कबरस्तानात मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीड आहे. तो १६९१ साली वारला. ही माणसे व्यापारी कंपन्यांची. त्यांची नावे, हुद्दे आणि मृत्यूची वर्षे साडेतीनशे वर्षांनीही सांगता येतात.

आता त्यांच्याच साम्राज्यासाठी लढलेल्या मराठी शिपायाकडे पाहू. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख भारतीय कामी लागले आणि ७४ हजारांहून अधिक मेले. त्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा या भागांतली मुले होती. मराठा पलटणींपैकी १०३ आणि ११० क्रमांकाच्या पलटणी आजच्या इराकमध्ये, कुत या गावी वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. ते मांस धर्माला चालत नाही म्हणून कित्येक भारतीय शिपायांनी बरेच दिवस खाल्ले नाही. शरणागतीनंतर वाळवंटातून पायपीट आणि कैद. अनेक जण तिथेच गेले.

त्यांची आठवण कशी ठेवली गेली? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. त्या गावाला आज लोक अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखतात. सातारा आणि कोकणातल्या अनेक गावांत सरकारने संगमरवरी पाट्या लावल्या. पाटीवर मजकूर एवढाच: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही, फक्त आकडा. इराकमध्ये बसऱ्याला १९२९ साली ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले, भारतीय अधिकाऱ्याचेही कोरले गेले, पण साध्या भारतीय शिपायाची पलटणीनुसार नुसती संख्या दिली गेली. २०२१ च्या एप्रिल महिन्यात युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने आपल्याच अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. तोवर त्या शिपायांची नातवंडेही म्हातारी झाली होती.

मग हे लोक कशासाठी मेले? इथेच मन दुभंगते. कोणी पगारासाठी गेला, कोणी घराण्याची रीत म्हणून, कोणी मानासाठी. आपल्यातील ज्यांचे पूर्वज नगर आणि मराठवाड्याकडच्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून ख्रिस्तसभेत आले, त्यांना हे शेवटचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये तिला ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळले, आणि ही पलटण होती पंजाबी ख्रिस्ती शिपायांची. १९२१ साली सगळेच मोडीत काढले. गरज होती तोवर शिपाई, गरज सरली की पुन्हा गावकुसाबाहेर. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले.

आपण राहतो त्या गुजरातेतही हा पेच होता. १९१८ च्या उन्हाळ्यात अहिंसेचा पुरस्कार करणारे गांधीजी नडियादला मुक्काम ठेवून खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी सैन्यभरती करत फिरले. खेड्यातली साधी माणसे त्यांना विचारत, तुम्ही अहिंसावाले, आम्हाला शस्त्र घ्या कसे म्हणता? काही महिने आधी सत्याग्रहासाठी गाड्या आणि जेवण पुढे करणारे लोक आता गाडीही देईनात. हे गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि एवढ्या बलिदानानंतर देशाच्या पदरात काय पडले? १९१९ चा रौलट कायदा आणि १३ एप्रिलचा जालियनवाला बाग. तिथे हुकूम इंग्रजाचा होता, पण गोळ्या झाडणारे शिपाई आपल्याच लष्करातले होते.

म्हणजे सैनिकाच्या गणवेशात त्याग आहे, गरिबी आहे, फसवणूक आहे आणि पापही आहे. स्मरणदिनाच्या भाषणात यातला फक्त त्याग येतो. आपल्याला अवघडल्यासारखे होते ते बहुतेक याचमुळे. आपल्याला सैनिकाचा अनादर करायचा नसतो, पण अर्धेच सत्य ऐकून गप्प बसणेही जड जाते.

पवित्र शास्त्रात या अवघडलेपणाला जागा आहे. मृतांसाठी प्रार्थना का करायची, हे शिकवताना आम्ही मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा १२ वा अध्याय काढतो. (प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलात हा ग्रंथ नसतो, तरी प्रसंग त्यांनीही जरूर वाचावा.) आपण वचन सांगतो, पण ते मृत कोण होते हे बहुधा सांगत नाही. ते लढाईत पडलेले सैनिक होते. यहुदा मक्काबी आपल्या माणसांची प्रेते उचलायला गेला तेव्हा प्रत्येकाच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले. देवाच्या नावाने लढणारे हे वीर आतून घाबरलेले होते आणि नियमशास्त्र मोडून दुसऱ्या देवांचा आधार शोधत होते.

यहुदाने काय केले? ताईत लपवून त्यांना निष्कलंक वीर ठरवले नाही. पापी म्हणून त्यांची प्रेते रानात टाकूनही दिली नाहीत. त्याने सैन्यात वर्गणी काढली, चांदीची सुमारे दोन हजार नाणी यरुशलेमला पाठवली आणि त्यांच्या पापांसाठी अर्पण करायला सांगितले. कारण मेलेले पुन्हा उठतील अशी त्याची आशा होती.

बंधुभगिनींनो, राष्ट्राची सलामी आणि ख्रिस्तसभेची प्रार्थना यांत फरक आहे तो हाच. सलामी द्यायची तर सैनिक निर्दोष लागतो, त्याचे कारण न्याय्य लागते, तो आपल्या बाजूचा लागतो. प्रार्थनेला यातले काहीच लागत नाही. ती ताईतासकट माणूस उचलते आणि देवाच्या हाती देते. म्हणूनच शब्दही जपून वापरावेत. ख्रिस्तसभेत रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेची साक्ष देत, कोणावर हात न उगारता मरण पत्करणारा. शहीद हा शब्द पडलेल्या प्रत्येक सैनिकासाठी वापरला जातो, पण आपल्या सरकारी आणि लष्करी कारभारातही तो अधिकृत नाही. सैनिकाला रक्तसाक्षी न म्हटल्याने त्याचा मान कमी होत नाही. त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करणे हाही मोठा मान आहे.

२ नोव्हेंबरला आपले फादर तीन मिस्सा अर्पण करू शकतात, ही मुभा कुठून आली हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्धात मृतांचे ढीग पडत असताना, ती जगभरच्या सर्व धर्मगुरूंना दिली. त्याच पोपनी १९१७ साली लढणाऱ्या राष्ट्रांना पत्र लिहून हा निरर्थक संहार थांबवा असे विनवले, आणि दोन्ही बाजूंनी त्यांना पक्षपाती ठरवले. युद्धाला नाही म्हणणे आणि युद्धातल्या मृतांसाठी वेदीपाशी उभे राहणे, दोन्ही एकाच माणसाने केले.

११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचाही सण. तो रोमी सैन्यातला शिपाई, भिकाऱ्याला अर्धा झगा कापून देणारा. पुढे लढाईच्या आदल्या दिवशी त्याने सम्राटाला सांगितले की मी ख्रिस्ताचा सैनिक आहे, मी लढणार नाही. भित्रा म्हणून हिणवले तेव्हा त्याने शस्त्राशिवाय सैन्याच्या पुढे उभे राहण्याची तयारी दाखवली. महायुद्ध नेमके त्याच्या सणाच्या दिवशी थांबले.

मग आपण काय करावे? ध्वजदिनाला निधी जरूर द्यावा, तो माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या उपयोगी पडतो. झेंड्यापुढे उभे राहावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तेवढ्यावर थांबू नये. या महिन्यात मृतांची नावे लिहून देताना आपल्या घरातल्या, गावातल्या, चाळीतल्या सैनिकाचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर त्याच्या गावाचे लिहावे. विश्वासूंच्या प्रार्थनांत पलीकडच्या बाजूच्या मृतांसाठी एक विनंती ठेवावी, त्यांनाही आया होत्या. सिराखच्या ग्रंथाचा ४४ वा अध्याय घरी वाचावा. ज्यांचे स्मारक उरले नाही, जे जणू कधी जन्मलेच नाहीत, अशांचीही आठवण तिथे आहे. आणि उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे योहान आपल्याला सांगतोच.

हे प्रभू, ज्यांची नावे दगडावर कोरली गेली आणि ज्यांचा फक्त आकडा उरला, ते सर्व तुला ठाऊक आहेत. जे मारता मारता मेले त्यांच्यावर दया कर. ज्यांना त्यांनी मारले त्यांनाही तुझ्या घरी जागा दे. मागे राहिलेल्यांचे सांत्वन कर, आणि आम्हाला शांती करणारे बनव. आमेन.