मंत्रिपदाचा राजीनामा : बाबासाहेब चार वर्षे का थांबले?

जयंतीच्या भाषणात आपण नेहमी सांगतो की बाबासाहेबांनी मंत्रिपदाला लाथ मारली. टाळ्याही पडतात. पण लाथ मारायला एक क्षण पुरतो. बाबासाहेबांचा राजीनामा चार वर्षे तोलून दिलेला आहे, आणि हे टाळ्यांच्या गडबडीत राहून जाते.

ऑगस्ट 1947 मध्ये ते पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. नुसत्या कायदा खात्यात आपल्याला फारसे काम नाही, असे त्यांनी आधीच सांगितले होते. ब्रिटिश अमदानीत मजूरमंत्री म्हणून त्यांचा हात चाललेला होता. कारखान्यात आठवड्याचे 48 तास आणणारा 1946 चा कायदा त्याच काळातला. गिरणीवाला तो विसरणार नाही. नियोजन खाते देण्याचा शब्द मिळाला, ते खाते निघाले तेव्हा बाबासाहेबांना वगळले. परराष्ट्र, संरक्षण या समित्यांतही त्यांना जागा नव्हती. परराष्ट्र धोरण, काश्मीरचा प्रश्न यावरही मतभेद. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे, अस्पृश्यांवरचे अत्याचार थांबत नव्हते, आणि घटनेच्या 340 व्या कलमाप्रमाणे नेमायचा मागासवर्ग आयोग नेमला जात नव्हता.

मग एवढे असून थांबले कशाला? काही कार्यकर्ते आजही हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आपल्या माणसांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सरकारात बसून राहायचे, हे सोपे नव्हते. उत्तर त्यांच्या राजीनाम्याच्या पत्रातच आहे. जाण्याचा विचार फार दिवसांचा होता, थांबवले ते एका आशेने, की या संसदेची मुदत संपण्याआधी हिंदू कोड बिल मंजूर होईल. बाईला घटस्फोटाचा हक्क, मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा, एका नवऱ्याला एकच बायको. हे काम पदरात पडेपर्यंत स्वतःचा अपमान त्यांनी बाजूला ठेवला. आपल्याकडे मंडळाच्या बैठकीत खुर्ची मागे लागली तरी माणूस राजीनामा फेकतो!

10 ऑगस्ट 1951 ला त्यांनी नेहरूंना पत्र लिहिले. तब्येत बिघडली होती, डॉक्टरांच्या स्वाधीन होण्याआधी बिल संपवायचे होते. 16 ऑगस्टला चर्चा सुरू करा, 1 सप्टेंबरपर्यंत संपवा, असे त्यांचे म्हणणे होते. तसे झाले नाही. 1 सप्टेंबरला बाबासाहेब औरंगाबादेत होते. मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला त्या दिवशी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. तेव्हा आपले वाटूर हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो 1981 साली. आणि बघा, ज्यांच्या हाताने कोनशिला बसली त्याच राष्ट्रपतींनी दोन आठवड्यांनी, 15 सप्टेंबरला, या बिलाला विरोध करणारे पत्र नेहरूंना पाठवले.

17 सप्टेंबरला बिल सभागृहात आले. काँग्रेसमधूनच विरोध, निवडणूक तोंडावर. चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळले गेले. ज्या एका कामासाठी थांबलो तेच संपले, मग थांबण्याचे कारण उरले नाही. 27 सप्टेंबरला राजीनामा दिला.

पण त्या दिवशीही ते टेबल उलथून निघाले नाहीत. आपल्याकडची विधेयके मार्गी लागावीत म्हणून अधिवेशन संपेपर्यंत काम करण्याची तयारी ठेवली. गिरणीत मुकादमाशी जुंपली की गडी पाळी अर्धी टाकून जातो, आणि घरात पीठ नाही म्हणून आठ दिवसांनी परत येतो. आम्ही हे बघत आलोय, त्याला नावेही ठेवत नाही. पण हे जाणे वेगळे होते.

11 ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायचे होते. उपसभापतींनी त्याची प्रत आधी मागितली. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. त्यात सगळी कारणे आहेत, एकही लपवलेले नाही.

याची किंमतही पडली. 1952 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पराभव, 1954 ला भंडाऱ्यात पराभव. मात्र मागासवर्ग आयोग 1953 ला नेमला गेला, आणि गुंडाळलेले बिल तुकडे करून 1955 आणि 1956 मध्ये चार कायद्यांच्या रूपाने आले. ते कायदे बौद्धांनाही लागू आहेत. आपल्या विहारात लागणाऱ्या लग्नांनाही 1955 चाच विवाह कायदा लागतो.

सरकारी बंगला सोडून बाबासाहेब दिल्लीतच 26, अलीपूर रोड या घरी राहायला गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्याच घरात पुरा झाला.