निजामशहाचा वैद्य आणि पोटातला वारा

जेवण झाले, पानसुपारी झाली, आणि थोड्याच वेळात पोट नगाऱ्यासारखे तट्ट फुगले, हा अनुभव ज्याला नाही असा श्रोता या मांडवात विरळाच. यावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे कोणी म्हणेल. पण पोटफुगीचा एक धागा आपल्या नगरच्या निजामशाही दरबारापर्यंत जातो, म्हणून हा विषय आम्ही इतिहासाच्या अंगाने घेतला आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यास स्थायिक झाला. नगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा याच्यावर त्याने उपचार केले. सुलतानाने आपल्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवली आणि आपण त्याला तीच लॅटिनमध्ये शिकवली, असे ओर्ता लिहितो. निजामशाहीच्या लढाया आपण पुष्कळ वाचतो. राजा आणि वैद्य एकमेकांचे विद्यार्थी होऊन बसले आहेत, हे चित्र मात्र कोणी रंगवलेले आम्ही पाहिले नाही. असो.

१५६३ साली गोव्यात ओर्ताचा औषधींवरील ग्रंथ छापून निघाला. तो संवादरूप आहे आणि त्यातला एक संवाद हिंगावर आहे. हिंगाइतका वाईट वास आपल्या नाकाला दुसऱ्या कशाचाच वाटत नाही, पण हिंग घातलेल्या भाजीला तो वास राहत नाही, अशी प्रांजळ कबुली तो देतो. पोटातला वारा सरण्यास हिंग उपयोगी, हे सांगताना तो विजयनगरची एक गोष्ट सांगतो. एका पोर्तुगिजाजवळ मौल्यवान घोडा होता, पण त्याला वाताचा मोठा विकार, म्हणून राजा तो घेईना. धन्याने पिठात हिंग कालवून घोड्याला चारला. घोडा बरा झाला, राजाने तो विकत घेतला आणि कशाने बरा केला म्हणून विचारले. हिंगाने, असे कळताच राजा म्हणाला, मग नवल कसले, हे तर देवांचे अन्न! सैतानाचे म्हणा, असे तो पोर्तुगीज पुटपुटला, पण आपल्या भाषेत आणि हळूच.

गंमत अशी की, ज्यावाचून आपली आमटी होत नाही तो हिंग इराण-अफगाणिस्तानाकडून येतो. हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात त्याची रोपे लावण्यास सुरुवात झाली ती २०२० साली. आपल्या वैद्यांनी मात्र तो फार पूर्वीच आपलासा केला. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग यांचे हिंग्वाष्टक चूर्ण तुपाबरोबर पहिल्या घासाला घ्यावयाचे असते. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगरास आयुर्वेद महाविद्यालय काढले, तेव्हापासून ही विद्या येथे रीतसर शिकवली जात आहे.

आता फुगण्याचे कारण. मटकी, हरभरा, चवळी यांत काही शर्करा अशा असतात की त्या पचविणारे पाचक द्रव्य माणसाच्या आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तेथील जंतू त्यांना आंबवतात आणि वायू सुटतो. कडधान्य भिजवून ते पाणी ओतून देण्याच्या रीतीने या शर्करा काही अंशी निघून जातात. पुष्कळांना मोठेपणी दूधही याच प्रकारे बाधते. घाईघाईने गिळलेला वारा आणि बद्धकोष्ठ ही कारणे वेगळीच. वाग्भटाने जठराचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूला मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. श्रीखंडाच्या पंगतीत हे आठवत नाही, हा दोष वाग्भटाचा नव्हे.

हिंगाने आतड्याची पेटके सैल पडतात असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांवरच्या चाचण्या अजून थोड्या आहेत. तेव्हा फुगीबरोबर वजन उतरत असेल, शौचात रक्त जात असेल, किंवा पन्नाशीनंतरच्या बाईचे पोट रोजच फुगू लागले असेल, तर डबा बाजूस ठेवून डॉक्टर गाठावा. आणि छातीत दडपण येऊन घाम सुटला असता ‘गॅस झालाय’ म्हणून ओव्याचा फक्का मारून पडून राहणे, हे तर जिवावर बेतते. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

एक शेवटचे. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. ज्यांना गहूच सोसत नाही त्यांनी पुडीवरचा मजकूर वाचून घ्यावा. विजयनगरच्या घोड्यालाही हिंग पिठातूनच मिळाला होता, पण घोड्याची तक्रार नव्हती.