उसाची दोन अपत्ये

सुशिक्षित मराठी घरांतून पाककृतींची एक जुनी वही बहुधा असतेच. कडा झिजलेल्या, पानोपानी हळदीचे डाग पडलेले. पन्ह्यास गूळ किती घालावा, कोकमाच्या सारास मीठ किती, लोणच्यास मोहरी किती, हे सर्व तीत मापाने लिहिलेले सापडते. परंतु आज ज्या घरांतून सुटीच्या सायंकाळी उंच पेल्यात बर्फ घालून त्यावर रम व कोला ओततात, त्या घरांच्या वहीतही या पेयास जागा मिळालेली आमच्या पाहण्यात नाही. पदार्थ घरात आला, पण वहीत आला नाही. असे का झाले, याचा विचार करू लागलो तेव्हा त्याचे उत्तर स्वयंपाकघरात न सापडता इतिहासात, आणि तेही आमच्या सातारा-सांगलीकडील इतिहासात, सापडेल असे आम्हांस वाटू लागले. आम्ही येथे मद्याची स्तुती करण्यास बसलो नाही, किंवा निषेधाचे व्याख्यान देण्यासही बसलो नाही. तरी वाचकांनी विषय पाहूनच कपाळास आठी घालू नये, एवढी विनंती आहे.

सातारा व सांगली हे जिल्हे एकाच कुळातील होत. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णा दोहोंतून वाहते आणि तिच्या काठचा ऊसही दोहोंचा आहे. पूर्वी या उसाचे एकच घर होते, ते म्हणजे गुऱ्हाळ. तेथे रसाचा गूळ होई, काकवी होई, आणि काकवी भाकरीबरोबर मुलांच्या ताटात येई. गुळात उसाचे पांढरे व काळे अंग एकत्रच नांदते. त्यांची फाटाफूट झाली ती साखर कारखान्यात. तेथे रस आटवून दाट झाला व त्यात दाणा धरला, की तो वेगाने फिरणाऱ्या जाळीदार यंत्रात घालतात. दाणे आत राहतात, ती साखर. जो काळा, चिकट द्रव बाहेर फेकला जातो, ती मळी. एक टन उसापासून आमच्या भागात साखर सुमारे ११० ते १२० किलो निघते आणि मळी सुमारे ४० किलो. साखर थेट घरात आली व देवापुढील नैवेद्यातही बसली. मळी मात्र आसवनीच्या टाकीत गेली. एक टन मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले असता २२० ते २५० लिटर मद्यार्क मिळतो. देशी दारू त्याचीच होते आणि रमही मळीचीच होते.

आता पेल्याकडे पहावे. कोल्यामध्ये पाण्याच्या खालोखाल जे असते ते साखर. १०० मिलिलिटरांत सुमारे १० ग्रॅम. म्हणजे कारखान्याच्या यंत्रात एकमेकांपासून तुटलेली उसाची ही दोन अपत्ये, एक गोरे व एक काळे, पुष्कळ प्रवास करून त्या उंच पेल्यात पुन्हा भेटतात. परंतु एकास घराने मांडीवर घेतले आणि दुसऱ्यास दाराबाहेर ठेवले, ही गोष्ट त्या भेटीने पुसली जात नाही.

रम ही परकी वस्तू आहे, सबब तिला घरात स्थान नाही, असे कोणी म्हणेल. परंतु हे म्हणणे अर्धेच खरे आहे. मनुस्मृतीत सुरेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत गौडी, म्हणजे गुळाची सुरा, हा एक आहे. निषेध करावयाचा तरी वस्तू ओळखीची असावी लागते! आंबवलेला गूळ आमच्या पूर्वजांस ठाऊक होता. मळी आंबवून तिचा अर्क काढण्याचा धंदा मात्र सतराव्या शतकात वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांत भरभराटीस आला, आणि तेथील गुलामांच्या घामावर तो वाढला, हे विसरता येत नाही. तेथून रम इंग्रजांच्या आरमारात शिरली. तेथे काय झाले ते आमच्या विषयास विशेष उपयोगी आहे. खलाशी निव्वळ रम पिऊन झिंगतात असे पाहून ॲडमिरल व्हर्नन याने १७४० साली हुकूम काढला, की रोजच्या अर्ध्या पाइंट रममध्ये एक क्वार्ट, म्हणजे चौपट, पाणी मिसळावे आणि ते एकदम न देता दिवसातून दोन वेळा वाटावे. त्याने रम बंद केली नाही; तिला माप लावले. आजच्या हायबॉलचे हे एक पूर्वरूपच म्हणावे लागेल. आरमारातील तो शिधा पुढे २३० वर्षे चालला व ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला.

आमच्या बाजूच्या कित्येक घरांत रम आली तीही शिध्याच्याच वाटेने. सातारा हा शिपायांचा जिल्हा आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव पिढ्यानपिढ्या सैन्यात माणसे धाडून ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. मराठा पलटणींतील शिपाई पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेला, दुसऱ्यात आफ्रिका व इटलीत गेला. छावणीत थंडीवाऱ्यात रमचा पेला त्यास मोजून मिळे. पेन्शन घेऊन तो गावी परतला आणि पुढे लष्करी कँटीनच्या कोट्यातील बाटली त्याच्या ट्रंकेतून घरात आली. काळ्या रंगाची जी देशी रम आज सर्वतोमुखी आहे, ती ओल्ड मंक १९५४ साली बाजारात आली. तिचीही ख्याती लष्करी कँटीनांतून दूरवर पसरली.

पेल्यातील दुसऱ्या अंगाची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात पेंबर्टन नावाचे एक औषधी तयार करणारे गृहस्थ कोका व द्राक्षासव यांचे मिश्रण विकीत असत. तेथे दारूबंदी लागू होऊ लागताच त्यांनी मद्य काढून टाकलेले नवे सरबत तयार केले आणि १८८६ साली कोका-कोला जन्मास आले. म्हणजे कोला हे दारूबंदीचे अपत्य! पुढे क्यूबा स्पेनच्या अंमलातून सुटल्यावर १९०० च्या सुमारास हवानामध्ये त्यात रम व लिंबू पडले आणि बंदीच्या लेकराचा मद्याशी विवाह लागला. हिंदुस्थानात कोका-कोला १९५० साली आले. त्याच वर्षी एप्रिलात मुंबई राज्यात, म्हणजे सातारा-सांगलीतही, संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. एका दाराने कोला आत येत होते आणि दुसऱ्या दाराने मद्य बाहेर जात होते. १९७७ साली कोका-कोला कंपनी देश सोडून गेली, तेव्हा थम्स अप पुढे आले. आणि १९९३ साली परत आलेल्या त्याच कंपनीने थम्स अपही विकत घेतले.

आता कायद्याकडे वळू, कारण वहीतील कोऱ्या पानाचे मुख्य कारण तेथे आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडत जाऊन मद्य काढण्याचा व विकण्याचा अधिकार मक्तेदारांच्या हाती एकवटला. ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी मक्ता. तो पुढे दारूच्या दुकानास चिकटला. मक्तेदाराचे हित अधिक खपात, सरकारचे हित अधिक महसुलात. पिणाऱ्याच्या घराचे हित पाहणारा कोणी उरला नाही. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, त्या महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ साली लोकमान्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दुकानांवर निरोधन झाले. १९४२ नंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने दारूबंदी आपल्या कार्यक्रमात घेतली. हा लोकमताचा ओघ सरकारी नव्हता, खालून आलेला होता. आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा त्याच ओघावर तरला.

परंतु त्याच कृष्णाकाठी १९५० नंतरच्या दशकात सहकारी साखर कारखान्यांची उभारणी सुरू झाली. सांगलीस वसंतदादा पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना काढला, कराडजवळ रेठरे बुद्रुक येथे कृष्णा कारखाना झाला, पाठोपाठ इतर झाले. साखर आली तेव्हा मळीही आली, आणि पुढे कित्येक कारखान्यांशेजारी आसवनीही उभ्या राहिल्या. १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल झाली. कायदा मात्र गेला नाही. आजही महाराष्ट्रात तो जिवंत असून, मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. दुकान उघडे आहे, परवाना कोणी विचारीत नाही, आणि पिणारा तो काढीत नाही. अशा रीतीने ज्या वस्तूस कायद्याने अर्धे झाकले व लाजेने उरलेले अर्धे झाकले, तिच्यासाठी घरात रीत कशी उत्पन्न व्हावी? चहा आमच्या घरांत उघड आला, म्हणून पाहुण्यास किती वेळा विचारावे येथपर्यंत त्याचा शिष्टाचार झाला. रम चोरून आली, म्हणून तिला माप नाही, वेळ नाही, ‘पुरे’ हा शब्द नाही.

या माप नसण्याची किंमत कोण देतो, हे सांगावयास नको. महाराष्ट्रात एक नियम झाला आहे, की गावातील महिला मतदारांनी मागणी केल्यास दुकानाविषयी मतदान घ्यावे. मतपत्रिकेवर एक बाटली उभी व एक आडवी छापलेली असते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीस मत दिले, म्हणजे दुकान बंद. सातारा जिल्ह्यातील गावांनीही हे मतदान पाहिले आहे. ज्या उसाच्या बिलावर घर चालते, त्याच उसाची मळी बाटलीत भरून गावात परत येते आणि त्या बिलास वाट फोडते. हा हिशेब त्या बायांस कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदाहून स्पष्ट दिसतो.

साताऱ्याकडील एका निवृत्त सुभेदारांच्या घरी आम्ही एकदा सायंकाळी बसलो होतो. त्यांनी औषध मोजण्याचा लहान पेला घेतला, त्यात ३० मिलिलिटर रम मोजली, बर्फाने भरलेल्या उंच पेल्यात ओतली, वर चौपट कोला सोडले, लिंबाची एक फोड पिळली व चमच्याने एकदाच हलविले. बाटलीस बूच लावून ती त्यांनी पत्नीच्या हाती दिली व त्यांनी ती कपाटात ठेवून कुलूप घातले. गावच्या मतदानात या बाई आडव्या बाटलीसाठी घरोघर हिंडल्या होत्या, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही जरा भीतभीतच विचारले, “काकू, हे दोन्ही कसे जुळते?” त्या म्हणाल्या, “ह्यांचा पेला मी मोजते. गुत्त्यावरचा कोण मोजतो?”

या उत्तरावर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. सुभेदारांनी आपल्या पलटणीतून बाटलीपेक्षा मोठी गोष्ट घरी आणली होती, ती म्हणजे शिध्याचे माप. आपल्याकडील रम बहुधा ४२.८ टक्के मद्यार्काची असते. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरांत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क शरीरात जातो. कोल्याच्या गोडीने रमचा तिखटपणा झाकला जातो व त्यातील कॅफिनने सुस्ती झाकली जाते; म्हणून जिभेवर भरवसा ठेवून ओतणारा फसतो, आणि मोजून ओतणारासच आपण कोठे आहो हे कळते. हे पेय करण्यास सोपे आहे, आणि त्याचा धोकाही त्या सोपेपणातच आहे.

मापाने सर्व अनर्थ टळतात असे आमचे म्हणणे नाही. कित्येकांस पहिला पेलाच वर्ज्य असतो आणि कित्येक घरांस बाटलीचे दर्शनही नको असते. त्यांच्या निश्चयापुढे आम्ही नम्र आहो. परंतु ज्या घरांतून हा पेला आलाच आहे, तेथे तो चोरून राहण्यापेक्षा परवान्यासह, प्रौढांपुरता, मोजून व घरच्यांच्या देखत राहणे बरे. दीडशे वर्षे या वस्तूचा हिशेब मक्तेदाराने ठेवला, सरकारने ठेवला, कारखान्याने ठेवला. तो घराने कधी ठेवला नाही. जुन्या वहीत एक पान कोरे आहे. त्यावर ‘रम : ३० मिलिलिटर, एकदाच’ असे लिहावयाचे, की त्या पानावर आडवी रेघ मारावयाची, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे, मात्र ठरविताना लेखणी त्या काकूंच्या हाती असावी, एवढेच आमचे मागणे आहे.